२५ हजारांत ग्राफिक्स कार्ड : बेळगावातली खरेदी, तारखा आणि खर्चासकट

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की माणूस आधी कार्डांचे व्हिडिओ बघायला बसतो. आम्हीही तेच केलं, आणि पहिला आठवडा त्यातच गेला. खरं तर पहिलं काम कॅबिनेटचं झाकण उघडून एसएमपीएसवरचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं) स्टिकर वाचण्याचं होतं. ५ जुलै २०२५ ला सुरू झालेला हा उद्योग २४ ऑगस्टला संपला. मधले पन्नास दिवस कुठे गेले, पैसे कुठे लागले आणि कोणत्या गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं, ते क्रमाने लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुणाला उपयोगी पडेल.

मशीन २०१९ चं, शहापुरातल्या घरी असलेलं. प्रोसेसर आय५-९४००एफ, बोर्ड एच३१० चिपसेटचा, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं कार्ड आणि २२ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. प्रोसेसरच्या नावातलं ते शेवटचं 'एफ' महत्त्वाचं आहे. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड काढलं की स्क्रीन काळी. जुनं कार्ड आधी विकून मग निवांत नवं शोधू, ही सोय अशा मशीनला नाही.

पहिले चार दिवस फक्त मोजमाप केलं. आफ्टरबर्नर हा प्रोग्राम टाकून खेळताना कोपऱ्यात आकडे लावले: कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचा वापर, रॅम. कार्ड ९८-९९ टक्क्यांवर, त्याची मेमरी चार जीबीला टेकलेली, प्रोसेसर ५५-६० टक्क्यांच्या आसपास, आणि रॅम साडेसात जीबी. म्हणजे अडणारं पहिलं कार्ड आणि त्याच्या पाठोपाठ रॅम. हे मोजमाप टाळू नका. प्रोसेसर शंभरला टेकलेला आणि कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर वीस हजारांचं कार्ड घालूनही गेम तसाच अडखळतो, आणि मग दुकानदाराशी भांडण होतं. त्या बिचाऱ्याची त्यात काही चूक नसते.

९ जुलैला कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर बाहेरून ठळक अक्षरांत ४५० वॅट. पण स्टिकर आतल्या बाजूला, बोर्डाकडे तोंड करून. मागचे चार स्क्रू काढून डबा थोडा बाहेर ओढला तेव्हा तक्ता दिसला. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टच्या तारेवरूनच घेतात, त्यामुळे बाहेरचे ४५० हे नुसतं नाव झालं. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या डब्यावर याच रकान्यात ३६-३७ अँपिअर दिसतात. शिवाय आमच्या डब्याला कार्डासाठीची सहा किंवा आठ पिनची केबलच नव्हती. १०५० टीआय ७५ वॅटचं. स्लॉटमधून मिळते तेवढ्यावर ते चालतं, म्हणून सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथून पुढचा सगळा हिशोब या १८ अँपिअरनेच ठरवला. प्रोसेसर ६५ वॅटचा, जोर लावला की थोडा वरही जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक. राहिले ११०. त्यात बसणारं नवं कार्ड म्हणजे ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी. त्याला वेगळी केबल लागत नाही. त्याच्यावरचं काहीही घ्यायचं तर एसएमपीएस बदलणं आलं.

इतर मोजमापंही त्याच दिवशी घेतली. मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६५ मिलिमीटर. तीन पंख्यांची बरीच कार्डं २८० च्या वर जातात, ती बाद. दोन पंख्यांची १९० ते २४० मध्ये बसतात. मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए. नव्या कार्डांना व्हीजीए नसतं, तेव्हा ज्यांचा मॉनिटर फक्त व्हीजीएचा आहे त्यांनी तीन-चारशेचा कन्व्हर्टर धरावा. तो सिग्नल बदलणारा असावा, नुसता पिना जुळवणारा तुकडा चालत नाही.

१२ जुलै, शनिवार. भर पावसात बेळगावातली चार दुकानं फिरलो, कॉलेज रोड ते खडेबाजार. कागदावर लिहून घेतलेले भाव असे (आरटीएक्स म्हणजे एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स म्हणजे एएमडीची): आरटीएक्स ३०५० ६ जीबी साडेपंधरा ते सोळा हजार, आरएक्स ६६०० साधारण २१,२००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी २५ हजारांच्या वर, आरटीएक्स ४०६० अठ्ठावीसच्या पुढे. एसएमपीएसबद्दल एका ठिकाणी ऐकायला मिळालं, "अण्णा, कशाला बदलताय बिनकामाचं? हाय तोच चालतंय की. एक कन्व्हर्टर लावून देतो."

हा कन्व्हर्टर म्हणजे साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या काळ्या चपट्या कनेक्टरवरून आठ पिन काढणारी शंभर-दीडशेची वायर. ती घेऊ नका. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळ्या मिळून ५४ वॅट. आठ पिनच्या कनेक्टरमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. मग प्लास्टिक वितळतं, वास येतो आणि नशीब चांगलं असेल तर फक्त एसएमपीएस जातो.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट कळली. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, १३० वॅटचं, २५६० कोअरचं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, ७० वॅटचं, २३०४ कोअरचं, ज्याची मेमरी बसही (मेमरीकडे जाणारा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिटांची. दुसरं स्पष्टच हळू आहे, पण कोटेशनवर नुसतं '३०५०' लिहिलेलं असतं आणि यूट्यूबवरची बरीच जुनी परीक्षणं पहिल्या कार्डाची आहेत. कोटेशनवर जीबी लिहून घ्या.

ऑनलाइन सात-आठ हजारांत नवंकोरं म्हणून मिळणारं ८ जीबीचं आरएक्स ५८० दिसलं की पुष्कळांना मोह होतो. वर्णनात बारीक अक्षरांत '२०४८ एसपी' असेल तर ते मूळ ५८० नव्हे. मूळ कार्डात २३०४ प्रोसेसर असतात, यात २०४८, म्हणजे आतून ते ५७० च. त्यात बॉक्सवरची कंपनी कुणी न ऐकलेली, वीज १५० वॅटच्या वर खाणारं, आणि चिप पूर्वी क्रिप्टो चलनाच्या खाणकामात वापरलेली असण्याची शक्यता दांडगी. आरएक्स ६५०० एक्सटी हे तर आमच्यासारख्या जुन्या बोर्डाला मुळीच घेऊ नये. ४ जीबी मेमरी, आणि स्लॉटशी फक्त चार लेनने (डेटाच्या मार्गांनी) जोडलेलं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या, म्हणजे नव्या पिढीच्या दुप्पट वेगवान स्लॉटच्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं. आमच्या ३.० च्या बोर्डावर त्याचा रस्ता अर्धा होतो, मेमरी भरली की गेम दाणकन थांबतो.

आरएक्स ६६०० हे आठ लेनचं आहे. ३.० च्या बोर्डावर त्याचंही थोडं नुकसान होतं, पण ८ जीबी मेमरीत गेम मावतोय तोवर ते दोन-चार टक्क्यांचं. सेटिंग चढवून मेमरी ओव्हरफ्लो झाली की मात्र झटके बसतात. इंटेलची आर्क कार्डं भावाला बरी दिसली, पण त्यांना बोर्डाची रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय चालू असावी लागते. इंटेलच्या बाजूला ती अधिकृतपणे दहाव्या पिढीपासून आहे, आमचा प्रोसेसर नवव्या. ती सोय नसली की आर्कचा वेग फार पडतो. म्हणून आर्क बाद.

थोडक्यात, हातात राहिली दोन: जुन्या डब्यावर चालणारं ३०५० ६ जीबी, किंवा नव्या एसएमपीएससह ६६००. दुसरं जवळपास दीडपट वेगवान आणि जास्त मेमरीचं. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) फक्त एनव्हिडियावर मिळतं आणि तेवढ्यासाठी ३०५० घेणारेही आहेत. पण मुळात कार्डच दुबळं असेल तर डीएलएसएस किती ओढणार? एएमडीचं तसंच एफएसआर ३ हे ६६०० वरही चालतं. एफएसआर ४ ची अपेक्षा मात्र धरली नाही, ते २०२५ मध्ये अधिकृतपणे ९००० मालिकेसाठीच होतं.

तिसरा एक पर्याय डोक्यात होता तो जुन्या, म्हणजे सेकंडहँड कार्डाचा. कोल्हापुरात एका माणसाकडे आरटीएक्स ३०६० १२ जीबी साडेपंधराला असल्याचं कळलं. १९ जुलैला सकाळची बस धरली. निपाणी, कागल करत अडीच तास, जाऊन-येऊन ४२० रुपये. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, फरमार्क, ओसीसीटी आणि सुपरपोझिशन हे कार्ड तपासायचे प्रोग्राम घेतलेले. फोनवर आधीच सांगितलं होतं की कार्ड मशीनमध्ये लावलेलं असावं आणि किमान अर्धा तास चालवून बघू. या अटीवर जो कुरकुर करतो त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

आधी कार्ड बंद मशीनमधून काढून हातात घेतलं. कूलरच्या चार स्क्रूंपैकी दोघांची डोकी झिजलेली, म्हणजे कधीतरी उघडलंय. उघडणं हा गुन्हा नाही, चिप आणि कूलर यांमधली पेस्ट बदलायला उघडावंच लागतं, पण विकणारा 'कधी उघडलं नाही' म्हणत होता. मागच्या पट्टीवर एचडीएमआयच्या बाजूला पांढरट गंज. आपल्याकडच्या ओल्या पावसाळ्यात दोन वर्षं पडून राहिलेल्या धातूवर असा थर येतो. बॅकप्लेटच्या कडेने तेलकट ओघळ. तो थर्मल पॅडमधून सुटलेल्या सिलिकॉनचा असतो. त्याने लगेच काही बिघडत नाही, पण मेमरी बराच काळ तापत होती हे कळतं. पंखा बोटाने हलवला तर एक पंखा आसावर खुळखुळत होता.

मग मशीन चालू. जीपीयू-झेडमध्ये ३५८४ शेडर, १९२ बिट, १२ जीबी, सगळं जागच्या जागी. खोट्या बायोसच्या (आत दुसऱ्याच कार्डाचं नाव घातलेल्या) जुन्या चिपा विकतात त्या हा प्रोग्राम बहुतेकदा पकडतो आणि नावाआधी 'फेक' असं लिहितो. लेनच्या रकान्यात मात्र १६ लेन आणि वेग १.१ दिसला, तेव्हा सोबतचा मुलगा घाबरला. तिथे घाबरण्यासारखं काही नाही. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू केली की खरा वेग दिसतो. तो ३.० ला चढला.

सुपरपोझिशन लावलं. चार मिनिटांत चिप ७४ अंश, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) ९१. सात मिनिटांनी ७६ आणि ९९. सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांत १२-१५ अंशांचा फरक नेहमीचा. २३ म्हणजे पेस्ट वाळलीय किंवा कूलर नीट टेकत नाही. तिथपर्यंत आम्ही किंमत पाडायच्या बेतात होतो, कारण पेस्ट आणि पॅड हजारभरात होतात. अकराव्या मिनिटाला स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या-गुलाबी चौकोनांची एक पट्टी उमटली, गेली, परत उमटली. ओसीसीटीची मेमरी टेस्ट लावली तर दोन मिनिटांत चुका मोजायला लागली. विकणारा म्हणाला, "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असतोय तो." ड्रायव्हरने गेम बंद पडतो, स्क्रीन काळी होते. पण मेमरी टेस्टमध्ये चुका मोजल्या जातात त्या मेमरीच्याच. चहा घेतला आणि परत आलो.

इथेरियमचं खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर त्यातली कार्डं जुन्या बाजारात आली आणि अजूनही हात बदलत फिरत आहेत. सगळीच वाईट नसतात. पण वॉरंटी संपलेल्या कार्डाची मेमरी चिप बदलून देणारा जवळ असेल तरच हा जुगार खेळावा. बेळगावात आम्हाला तसा कुणी सापडला नाही.

२४ जुलैला एसएमपीएस आणि रॅम बेळगावातच घेतली. एसएमपीएस ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, २,९५० रुपये. तो घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, १२ व्होल्टला ३६ अँपिअर. दोन, इनपुटचा रकाना. काही स्वस्त डब्यांवर '२००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, काहींवर '१००-२४०'. खानापूर तालुक्यातल्या किंवा बेळगावच्या कडेच्या गावांत संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज १८० च्या खाली येतं हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. २००-२४० वाला डबा अशा वेळी मशीन बंद पाडतो आणि माणूस कार्डाला शिव्या देतो. १००-२४० वाला शे-दोनशे रुपये जास्त पडला तरी घ्यावा.

रॅमची ८ जीबीची दुसरी पट्टी, डीडीआर४ २६६६, १,७५० रुपये. एका पट्टीवरून दोन पट्ट्यांवर गेलं की नुसती रॅम वाढत नाही, प्रोसेसरला दोन मार्ग मिळतात आणि अडखळणं कमी होतं. नवं कार्ड यायच्या आधी हे दोन्ही बसवून आठवडाभर मशीन वापरलं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष कार्डाचा की बाकीचा हे कळावं. दिवाळीनंतर रॅमचे भाव असे काही चढले की तेव्हा घेतली हे बरंच झालं.

डबा बदलताना एक जुना त्रासही निघाला. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, सगळ्यांना सवय झालेली. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मोजलं तर ३८ व्होल्ट. ते दोन-तीनच्या आत असायला हवं. जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि तारेचा जोड कुजलेला. वायरमनने जोड नवा केला, मीठ-कोळसा घालून पाणी सोडलं. ६०० रुपये. वीस हजारांचं कार्ड लावण्याआधी हे करून घ्याच.

आता कार्ड, म्हणजे आरएक्स ६६००. बेळगावात २१,२००, कोल्हापुरात विचारलं होतं ते २०,३००, ऑनलाइन १९,४९०. आपल्या सीमाभागात एक गैरसमज आहे की महाराष्ट्रातून घेतलं तर कर कमी पडतो. तसं काही नाही. कार्डावर जीएसटी १८ टक्केच. काउंटरवरून घेतलं तर त्या राज्यात ९ आणि ९ असा दोन भागांत, दुसऱ्या राज्यातून घरी आलं तर एकत्र आयजीएसटी म्हणून. आमच्या १९,४९० मध्ये मूळ किंमत १६,५१७ आणि कर २,९७३. 'बिल नको असेल तर हजार कमी' असंही एका ठिकाणी म्हणाले. ते हजार म्हणजे कर चुकवलेल्यातला आपला वाटा, आणि बदल्यात तीन वर्षांच्या वॉरंटीचा पुरावा आपण सोडून द्यायचा. नको म्हटलं.

दुकान की ऑनलाइन, याचा खरा निकष वॉरंटीचा आहे. खरेदीआधी त्या कंपनीच्या सर्व्हिस पेजवर आपला पिनकोड टाकून बघा. आमच्या कार्डासाठी बेळगावात केंद्र नव्हतं, जवळचं हुबळीला. म्हणजे बिघडलं तर बसने हुबळी किंवा स्वतःच्या खर्चाने कुरिअर, आणि दोन ते चार आठवडे मशीन बंद. बेळगावातला दुकानदार 'मी पाठवून देतो, तुम्ही यायचं काम नाही' असं लिहून देत असेल तर त्या सतराशे रुपयांच्या फरकाला किंमत आहे. आम्ही विचारलं, तो तोंडी हो म्हणाला, बिलावर लिहायला तयार झाला नाही. म्हणून ऑनलाइन. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याशी वाद झाला तर तिकडे खेटे घालावे लागतील अशी भीती असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करावी.

२८ जुलैला ऑर्डर केली. १ ऑगस्टला येणार होतं, ते हुबळीच्या गोदामात तीन दिवस बसून ५ ऑगस्टला आलं. घरच्याऐवजी टिळकवाडीचा पत्ता दिला होता, कारण घरचा गल्लीतला पत्ता सापडत नाही म्हणून याआधी दोनदा पार्सल परत गेलेलं. खोका उघडण्याआधीपासून मोबाइलवर अखंड व्हिडिओ: सगळ्या बाजूंची चिकटपट्टी, वरचं लेबल, आतल्या बॉक्सचं सील, बॉक्सवरचा सीरियल नंबर आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर. दोन्ही जुळले. बिलावर सीरियल नंबर नव्हता, त्याच दिवशी विक्रेत्याला मेल करून नंबरासह बिल मागवलं. ते तीन दिवसांनी आलं. कंपनीच्या साइटवर नोंदणीही त्याच आठवड्यात केली.

६ ऑगस्टला बसवलं. क्रम असा. आधी इंटरनेटची वायर काढली. मग सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून एनव्हिडियाचे जुने ड्रायव्हर पुसले आणि मशीन बंद केलं. एसएमपीएसचा मागचा खटका बंद, पॉवरचं बटन पाच सेकंद दाबून उरलेली वीज घालवली. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची पट्टी आधी दाबावी लागते. ती न दाबता ओढलं की स्लॉटचं प्लास्टिक तुटतं, आणि हे अनेकांकडून होतं. नवं कार्ड दोन्ही टोकांना सारखा जोर देत 'टक' आवाज येईपर्यंत दाबलं. मग स्क्रू, मग सहा अधिक दोन पिनांची केबल. इथे एक धोका आहे: प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी असते आणि दिसायला सारखी. तिच्या पिनांची ठेवण उलटी आहे. जबरदस्तीने बसवली तर सरळ शॉर्ट. केबलवर 'पीसीआय-ई' छापलेलं वाचूनच लावा. मॉनिटरची वायर कार्डाला जोडायची, बोर्डाला नाही. एफ प्रोसेसरवर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येत नाही.

पहिल्या झटक्यात चालू झालं. पण ड्रायव्हर टाकायला इंटरनेट जोडलं आणि तिथे चूक केली. एएमडीचा इन्स्टॉलर अर्ध्यावर असताना विंडोज अपडेटने स्वतःच्या मनाने जुना ड्रायव्हर टाकला. दोघांची मारामारी झाली, स्क्रीन काळी पडली आणि नंतर एड्रेनालिन हा एएमडीचा प्रोग्राम उघडतच नव्हता. परत सेफ मोड, परत डीडीयू. या वेळी ड्रायव्हरची पूर्ण फाइल आधीच पेनड्राइव्हवर घेतलेली आणि इंटरनेट शेवटपर्यंत बंद. चाळीस मिनिटं गेली, बाकी काही नाही.

निकालाचे आकडे आमच्या मशीनचे आहेत, ते तेवढ्याच अर्थाने घ्या. व्हॅलोरंट आधीही चालत होतं. फोर्झा होरायझन ५ हाय सेटिंगवर सेकंदाला ७५ फ्रेमच्या वर सहज. सायबरपंक २०७७ मीडियम-हाय मिश्र सेटिंगवर शहरात ५५ ते ६५. तिथे आता प्रोसेसर अडतो, कार्ड ८० टक्क्यांवर बसलेलं. गर्दीचं सेटिंग एक पायरी उतरवलं की प्रोसेसरचा भार हलका होतो. सावल्या कमी करून तिथे काही उपयोग नाही, कारण तो भार मुख्यतः कार्डाचा.

मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि फ्रीसिंकवाला (कार्डाच्या फ्रेमशी पडद्याचा वेग जुळवणारा), तोही फक्त एचडीएमआयवर. एएमडीचं कार्ड एचडीएमआयवरून फ्रीसिंक चालवतं. एनव्हिडियाचं कार्ड त्यासाठी डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.१ ची सोय असलेला मॉनिटर मागतं. स्वस्त जुना मॉनिटर असेल तर निवडीत ही बाब धरावी. कुणी दुकानदार ती सांगत नाही. फ्रेम ७२ ला बांधल्या, कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं. हॉटस्पॉट ८८ वरून ७७ ला आला, पंखे जवळपास ऐकू येईनासे झाले. एड्रेनालिनमध्ये वीज १०० वॅटच्या आसपास दिसते. ती चिपची आहे, पूर्ण कार्डाचा आकडा १३२ चा.

लाइट गेली की काय, हा आपल्याकडचा पुढचा प्रश्न. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना आमचं मशीन मॉनिटरसह अडीचशेच्या आत राहतं, म्हणून निभतं, पण तेही चार-पाच मिनिटं. सेव्ह करा आणि बंद करा. घरच्या इन्व्हर्टरवर असाल तर मागचं बटन 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला तीस-चाळीस मिलिसेकंद जातात, एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो आणि मशीन रीस्टार्ट होतं.

खर्च: कार्ड १९,४९०, एसएमपीएस २,९५०, रॅम १,७५०, अर्थिंग ६००, कोल्हापूरची बस ४२०, तिथलं जेवण १५०. एकूण २५,३६०. ठरवल्यापेक्षा ३६० जास्त.

जुनं १०५० टीआय गणपतीच्या आधीच्या रविवारी, २४ ऑगस्टला, खानापूरच्या एका मुलाला ३,००० ला दिलं. त्याच्याकडे कंपनीचा जुना ऑफिस पीसी, एसएमपीएस २४० वॅटचा आणि आठ पिनची केबल नाही. त्याला हेच बसत होतं. देताना अर्धा तास त्याच्यासमोर फरमार्क चालवून दाखवलं, २०१९ चं बिल दिलं आणि बिलाच्या मागे लिहून दिलं: नवे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत.